भरताच्या पंगतीत शिनों

“खोक्यात काय हाये?” अण्णांनी विचारलं.

“वाइनच्या बाटल्या.”

“किती?”

“सहा. केळीच्या बागेत नेऊन ठेवते. तिथं ओल असते, गार राहतीन.”

अण्णांनी डोक्यावरची टोपी काढली, डोकं खाजवलं आणि टोपी परत घातली. माझे वडील गोंधळले की एवढंच करायचे. मळ्यात कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा ढीग रचून ठेवलेला होता. आई बाजेजवळ बसून वांगी पुसत होती, एकेकाला तेलाचा हात लावत होती. दुपारी भुसावळहून बोंडे मंडळी येणार होती. माझं बघणं झालं होतं, पसंतीही झाली होती. आता भरीत खायचं आणि सुपारी फोडायची, म्हणजे लग्न ठरलं. आणि नेमक्या त्याच दिवशी अण्णांची लेक पुण्याच्या गाडीतून लाल वाइनचं खोकं हातात घेऊन उतरली होती.

“आजच आना लागत होतं?”

“वांगी आजच भाजनार ना तुम्ही?” मी म्हटलं. “मले या वाइनसंगं भरीत खाऊन पाहा लागतं. असं भरीत पुण्यात कुठी भेटतं?”

आईनं मान वर केली नाही. “त्याईले दिसू देऊ नको, म्हंजे झालं,” एवढंच म्हणाली.

या गोष्टीला वीसेक वर्षं झाली. तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते, आणि आमच्या सावद्याकडे बिनलग्नाची सत्तावीस वर्षांची मुलगी म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या झोपेचं खोबरं. त्यातून माझी नोकरी अशी, की ती कुणाला सांगायची सोय नाही. परदेशातून वाइन मागवून हॉटेलांना विकणाऱ्या एका कंपनीत मी चाखण्याचं काम करत होते. अण्णांनी सगळ्या नातेवाइकांना सांगून ठेवलं होतं, की उज्ज्वला फळांच्या रसाच्या कंपनीत आहे. तसं पाहिलं तर ते खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं, आणि ते म्हणताना त्यांचा हात टोपीकडे जायचाच.

चाखणाऱ्या माणसाला लोक पिणारा समजतात. काम अगदी उलटं आहे. ग्लासात दोन घोट घ्यायचे, रंग बघायचा, नाक घालून हुंगायचं, मग एक घोट तोंडात घेऊन गालांत घोळवायचा आणि थुंकून टाकायचा. गिळत बसलं तर दहाव्या ग्लासाला जिभेचं काही खरं नाही. आणि हे काम मला जमलं ते आमच्या घरामुळे, असं मी म्हणते तेव्हा लोकांना ती थट्टा वाटते. आमच्याकडे नैवेद्य दाखवल्याशिवाय स्वयंपाकातलं काही चाखायचं नाही, असा कडक नियम. भाजीला मीठ पडलंय की नाही, हे वाफेवरून ओळखायचं. मी दहा वर्षांची असल्यापासून आई पातेल्यावरचं झाकण काढायची आणि मला विचारायची, “सांग, काय कमी हाये?” चुकलं तर त्या दिवशीची भाजी तशीच, अळणी, सगळ्यांनी माझ्या नावानं खायची. नाक तयार न होऊन सांगते कुणाला?

तर कंपनीनं पहिल्यांदाच एक वाइन पूर्णपणे माझ्यावर सोपवली होती. फ्रान्समधल्या ल्वार नदीकाठी शिनों नावाचं गाव आहे, त्या भागातली लाल वाइन. तिलाही शिनोंच म्हणतात. अंगानं हलकी, जराशी आंबट, थोडी गार करून घ्यायची, आणि वासाला चक्क हिरवी. ढोबळी मिरची चिरल्यावर हाताला येतो तसा वास. साहेब म्हणाले होते, “आपल्याकडच्या कुठल्या पदार्थाबरोबर चालेल ते शोध. नाही सापडलं तर बटर चिकन लिहून टाक, सगळ्याबरोबर तेच लिहितात.” बटर चिकनच्या नावानं माझं डोकं फिरलं. त्या वाइनमध्ये पहिल्यांदा नाक घातलं तेव्हाच मला आमच्या मळ्यातला धूर आठवला होता. काड्यांच्या जाळावर तडतडणारी वांगी, लाकडाच्या बडगीत लसणाबरोबर ठेचलेली हिरवी मिरची, कांद्याची पात. पण वास आठवणं वेगळं आणि तोंडात दोन्ही एकत्र येणं वेगळं. ते करून पाहिल्याशिवाय मी कागदावर एक अक्षर लिहिणार नव्हते.

आणि प्रफुल्ल बोंडे मला आवडला होता, हे आधीच सांगून टाकते. वीजकेंद्रात इंजिनिअर. हसताना डोळे मिटायचा. आम्ही दोनदा भेटलो होतो, आणि दुसऱ्या भेटीत मी त्याला माझ्या कामाचं खरं काय ते सांगितलं होतं. तो म्हणाला होता, “मला काहीच अडचण नाही.” त्या एका वाक्यावर मी महिनाभर हवेत होते. त्याचे वडील आजारपणात गेले, आई आहे, आणि घरातला शब्द काकांचा, एवढं मला माहीत होतं.

दुपारी जीप आली. आधी काका उतरले. तोताराम भाऊ बोंडे, समाजाच्या मंडळाचे मोठे कार्यकर्ते. पांढरेशुभ्र कपडे, आणि आवाज असा, की शेजारच्या मळ्यातला माणूसही मान वळवून बघेल. त्यांच्यामागून दोन पाहुणे, मग प्रफुल्ल, आणि सगळ्यांत शेवटी त्याची आई, द्वारकाकाकू. बारीक चणीच्या, डोक्यावरचा पदर दातात धरलेला. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग सगळा वेळ वांग्यांकडेच बघत राहिल्या.

जाळ पेटला. वांगी काळी पडू लागली, त्यांच्या सालीला तडे गेले, आतलं पाणी फसफसून बाहेर येऊ लागलं. अण्णा लांब काठीनं ती उलटत होते. तोताराम भाऊ बाजेवर मांडी घालून बसले आणि त्यांनी विषयाला हात घातला.

“शिवराम भाऊ, पोरगी रसाच्या कंपनीत हाये म्हनता?”

अण्णांचा हात टोपीकडे गेला. “हो ना.”

“कायचा रस?”

“द्राक्षाचा,” अण्णा म्हणाले.

तोताराम भाऊ मोठ्यानं हसले. पाहुणेही हसले. “माहा मेहुना राहतो पुन्याले. त्यानं सांगतलं मले सगळं. आता पाहा, पोरगी चांगली हाये, शिकेल हाये, आमच्या प्रफुल्लले पसंत हाये. नोकरी करू द्या, आम्ही काही जुन्या वळनाचे नही. बँकेत करा, शाळेत करा. पन ही दारूची नोकरी बोंड्याच्या सुनेले शोभत नही. तिनं पंगतीत, सगळ्याईच्या समोर सांगाचं की मी ही नोकरी सोडली. तिथंच सुपारी फोडू.”

“अन् नही सांगतलं तर?” मी विचारलं. मुलीनं मधे बोलायचं नसतं. पण विषय माझ्या पोटापाण्याचा होता.

ते माझ्याकडे न बघता अण्णांना म्हणाले, “तर आम्ही पानावरून उठू.”

मुलीच्या घरी भरल्या पानावरून उठणं म्हणजे काय, ते आमच्याकडे पोरांनाही कळतं. त्या घराचं अन्न पुन्हा समाजात कुणी मनापासून खात नाही. अण्णांचा चेहरा राखेसारखा झाला. मला त्या माणसाचा असा संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. धूर होता म्हणून बरं, नाहीतर वाटलं असतं, पोरगी घाबरली.

एवढं बोलून तोताराम भाऊ दोन्ही पाहुण्यांना घेऊन मोटरघराच्या मागं गेले. “विहिरीले पानी किती हाये ते पाहून येतो,” म्हणाले. आमच्याकडच्या भरताच्या पार्टीत पुरुषमंडळी विहिरीचं पाणी बघायला जातातच. जाताना पिशवी नेतात, येताना डोळे लाल करून आणि बडीशेप चघळत येतात. सगळ्यांना माहीत असतं आणि कुणीही बोलत नाही. द्वारकाकाकूंनी त्यांच्या पाठीकडे बघितलं आणि कांद्याची पात निवडायला घेतली.

मी केळीत गेले. खोकं ओल्या मातीवर ठेवलं होतं, बाटल्या छान गार झाल्या होत्या. प्रफुल्ल मागून आला.

“काका असेच आहेत,” तो म्हणाला. “मनावर घेऊ नकोस.”

“नोकरी सोडायची म्हणतात. मनावर नको घेऊ तर कुठं घेऊ?”

“अगं, म्हणून टाक ना. सोडली म्हण. दोन शब्द तर बोलायचेत. एकदा सुपारी फुटली की कोण विचारतंय? आपण भुसावळात नाहीतरी किती दिवस राहणार? मी बदली मागितलीच आहे. तिकडे गेल्यावर तू काय करतेस, ते काकांना थोडंच दिसणार आहे?”

“म्हणजे खोटं बोलू?”

“खोटं कसलं? जरा सांभाळून घ्यायचं. उघड उघड केलं की लोक बोलतात, गुपचूप केलं तर काही नाही. हे बघ, मला काहीच अडचण नाही.”

तेच वाक्य. महिनाभर मी ज्याच्यावर हवेत होते तेच. तो हसत होता, डोळे मिटून, अगदी मनापासून. त्याला खरंच वाटत होतं की तो माझ्या बाजूनं बोलतोय. तो वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं. मला तिथंच चिखलात बसून रडावंसं वाटलं, इतका तो मला आवडत होता.

“पंगत बसेल आता,” मी म्हटलं. “तू हो पुढं.”

तो गेल्यावर मी एक बाटली आणि टॉवेलात गुंडाळून आणलेला ग्लास काढला. दोन्ही ओच्यात घेऊन पदराखाली झाकलं. मग मलाच माझी लाज वाटली आणि मी वरचा पदर बाजूला केला.

पंगत बसली. केळीच्या पानांवर भरीत, पुऱ्या, कळण्याच्या भाकरी, मुळा, पात. बांधावरच्या मुंजोबाला नैवेद्य आधीच गेला होता. आईनं भरताला शेंगदाण्याच्या तेलाची सढळ फोडणी दिली होती, वर तेलाचा तवंग चमकत होता. अण्णांच्या शेजारी पाटावर ताट, ताटात सुपारी आणि अडकित्ता. पाहुणे विहिरीचं पाणी बघून परत आले होते. तोताराम भाऊ जरा सैल हसत बसले आणि म्हणाले, “हं, पोरी. बोल आता. भरीत थंडं व्हते.”

मी पानासमोर बसले नव्हते. उभी होते. बाटली मी पंगतीच्या मधोमध, अण्णांच्या पाटाशेजारी ठेवली.

“ही शिनों,” मी म्हटलं. “फ्रान्समधली वाइन. मी रसाच्या कंपनीत नाही, वाइनच्या कंपनीत आहे. अण्णा खोटं बोलले ते माझ्यासाठी बोलले. मी ही नोकरी सोडणार नाही.”

“बस खाली,” अण्णा म्हणाले.

“बसते, अण्णा. एक राहिलं. प्रफुल्ल मघाशी केळीत म्हणाला, आज सोडली म्हणून सांग आणि मग गुपचूप चालू ठेव. ते पण मी करणार नाही. करायचं ते उघड करीन.”

हे सांगायला नको होतं, असं मला नंतर पुष्कळांनी सांगितलं. मला तसं तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. प्रफुल्लनं मान खाली घातली. द्वारकाकाकूंनी हातातली भाकरी पानावर ठेवली.

“मंग काय, उठा,” तोताराम भाऊ म्हणाले. पण त्यांनाही उठवत नव्हतं. त्यांची नजर बाटलीवर होती.

“उठा खुशाल,” मी म्हटलं. “पण ज्या कामासाठी मला घालवताय, ते काम असतं तरी काय, ते बघून जा.”

बूच काढलं. ग्लासात दोन घोट ओतले. ग्लास गोल फिरवला, नाक घातलं, आणि मग काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. पंगत, काका, सुपारी, सगळं बाजूला पडलं. मी कामाला लागले.

एक घोट तोंडात घेतला, घोळवला, बांधापाशी जाऊन थुंकले. मागं कुणीतरी “अरे, अरे,” म्हणालं. मग आईच्या पानातली पुरी घेऊन भरताचा घास खाल्ला आणि वर वाइन घेतली. वाईट. पुरीचा गोडसरपणा आणि मिरची, दोन्ही वाइनशी भांडायला उठली. तोंडाची आग आग झाली आणि मागं नुसता कडवटपणा उरला. बांधावर थुंकले. एवढा तमाशा करून वाइन चालतच नाही, असं निघालं तर? पाणी पिऊन मी आईला म्हटलं, “भाकर दे.”

आईनं कळण्याच्या भाकरीचा चतकोर माझ्या हातावर ठेवला. ज्वारीत उडीद घालून केलेली, मीठ लावलेली, खरपूस. तिच्यावर भरीत घेतलं, तेलाचा भाग जरा जास्त. सावकाश चावलं. मग वाइन.

आता धूर वर आला. आधी वांग्यातला, मग त्याच्यामागून वाइनमधला, आणि दोन्ही एकाच चुलीवरचे असल्यासारखे. भाकरीतल्या मिठानं आणि तेलानं वाइनचा कडूपणा धरून ठेवला, वाइनच्या आंबटपणानं तेल कापलं, आणि ती हिरवी ढोबळी मिरची भरतातल्या मिरचीपाशी जाऊन गपगार बसली. मी डोळे मिटून उभी होते. थुंकायचंही विसरले, हे कबूल करते. तो घोट गिळला मी.

“चालते,” मी म्हटलं. “पुरीसोबत नाही चालत. कळण्याच्या भाकरीसोबत चालते. मिरची बेतानं आणि तेल सढळ हवं.”

मग तोताराम भाऊंना कंठ फुटला. “पाह्यलं? पेली. सगळ्याईच्या समोर पेली.”

“पिले,” मी म्हटलं. “कधी कधी पिते. जेवताना, अर्धा ग्लास. मोटरघराच्या मागं जाऊन नाही पीत.”

आता मात्र ते उठले. त्यांच्यामागून दोन्ही पाहुणे उठले. अण्णांनी डोळे मिटून घेतले. भरली पानं तशीच राहिली, भाकरी मोडलेल्या, भरतात बोटांचे ठसे. माझा धीर तेवढ्यापुरता गळाला. अण्णांच्या घरचं अन्न माझ्यामुळे असं पडलं, हे बघवत नव्हतं.

“चाल रे, प्रफुल्ल. वहिनी, चाला.”

द्वारकाकाकू उठल्या. पण जीपकडे न जाता मुलाकडे वळल्या.

“तू असं म्हनला हिले? गुपचूप कर म्हने?”

“आई, नंतर बोलू.”

“म्हनला का?”

“हो. त्यात काय एवढं?”

“तुह्या बापानंबी माह्या बापाले असंच सांगतलं होतं,” द्वारकाकाकू म्हणाल्या. त्यांचा आवाज मी दिवसभरात पहिल्यांदा ऐकत होते. बारीक होता, पण सरळ येत होता. “सुपारीच्या दिवशी. मी घेत नही म्हने. या भाऊजींनीच साक्ष देल्ली होती. अन् मंग सगळं मागं चालू राह्यलं. मोटरघराच्या मागं, गोठ्याच्या मागं, शेवटी दवाखान्याच्याबी मागं. कोनी म्हनून कोनी समोर नही आनलं. आजारपनात गेले म्हनतात सारे. कोनत्या आजारानं गेले, ते या घरात अजून कोनी बोललं नही.”

“वहिनी,” तोताराम भाऊ म्हणाले, “लोकाच्या मळ्यात काय हे?”

त्यांनी ऐकलंच नाही. माझ्यापाशी आल्या. ग्लासात तळाशी थोडी वाइन उरली होती. त्यांनी हात पुढे केला.

“दे.”

मला काय करावं कळेना. “काकू, नको,” मी म्हटलं.

“दे म्हनते ना.”

मी दिला. त्यांनी ग्लास दोन्ही हातांत धरला, चहाची बशी धरतात तसा, आणि नाकाशी नेला. बराच वेळ तसाच धरून ठेवला.

“हा तो वास नही,” त्या म्हणाल्या.

मग एक घोट तोंडात घेतला. तोंड आंबट झालं. गाल फुगवून, डोळे मोठे करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता पुढं काय, ते विचारत होत्या.

“थुंका,” मी म्हटलं.

त्या बांधापाशी गेल्या आणि थुंकल्या. नीट जमलं नाही, थोडं लुगड्यावर सांडलं. पदरानं तोंड पुसत तिथंच उभ्या राहिल्या, जमिनीवरच्या त्या ओल्या डागाकडे बघत.

“थुकता येतं,” त्या म्हणाल्या. माझ्याशी नाही, कुणाशीच नाही. “एकदाबी नही थुकली त्याईनं.”

मला रडू आलं. आईलाही आलं असावं, कारण ती उगाच काड्या मोडून विझत्या जाळात टाकायला लागली.

तोताराम भाऊ जीपच्या दारात उभे होते. “झालं समाधान? चाला आता. मी सांगतच होतो, ही पोरगी आपल्या घरी नको.”

“बराबर हाये,” द्वारकाकाकू म्हणाल्या. “आपल्या घरी नको.”

प्रफुल्लनं चमकून वर पाहिलं. काका जिंकल्यासारखे हसले.

“तिच्यासाठी म्हनते मी, भाऊजी. हे घर तिच्या कामाचं नही.” मग त्या अण्णांकडे वळल्या. “अन्ना, ती सुपारी उचला तुम्ही. पोरीले तिचं काम करू द्या. अन् लोकाईले रस सांगू नका, जे हाये ते सांगा.”

अण्णांनी सुपारी उचलून खिशात टाकली. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा हात टोपीकडे गेला नाही.

प्रफुल्ल माझ्यासमोर आला, काहीतरी बोलू पाहत होता. मी म्हटलं, “मी तुला ‘नाही’ म्हणतेय. काकांना नव्हे, तुला. ते तुला माहीत असू दे.” तो जीपकडे चालत गेला. मला वाईट वाटलं, फार वाटलं, आणि तरी एकदाही वाटलं नाही की त्याला हाक मारावी.

जीप सुरू झाली. तोताराम भाऊंनी आतूनच ओरडून सांगितलं, “वहिनी, बसा लवकर. बोंड्याचं कोनी इथं जेवनार नही.”

द्वारकाकाकूंनी बांधावरच हात धुतले. परत आल्या, आपल्या पानासमोर मांडी घालून बसल्या आणि पदर नीट केला. भरताचा मोठा घास घेतला. मिरची लागली असावी, डोळ्यांतून पाणी आलं, पण त्या खात राहिल्या. आई धावत पाणी घेऊन आली. अण्णा त्यांच्या समोरच्या पानावर येऊन बसले. मग मी बसले.

जीपचा हॉर्न वाजला. परत वाजला. तोताराम भाऊ हात हॉर्नवरच दाबून बसले असावेत, कारण केळीतले पक्षी उडाले आणि शेजारच्या मळ्यातले लोक बांधावर येऊन उभे राहिले.

द्वारकाकाकूंनी आपलं पान पुसून संपवलं, आईकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “माय, अजून एक भाकर आन. घाई नही मले.”